घड्याळातला लाल पट्टा

पुस्तकांवरची धूळ मी रोज पुसते, तरी दुसऱ्या दिवशी ती तितकीच असते. खिडकी बंद, दार बंद, तरी कुठून येते कोणाला माहीत. आमच्या लायब्ररीतल्या गमतींचंही तसंच आहे. शेजारणीला दोन सांगून मोकळी होते, तोवर आणखी चार जमलेल्या असतात. कर्णिक सर म्हणाले, "वैशाली, सांगत बसण्यापेक्षा लिहून काढ." म्हटलं, सर, मी सातवी शिकलेली. तर म्हणाले, "मग काय झालं? इथल्या पुस्तकांतले अर्धे लोक शाळेतून पळालेले आहेत."

तर आमची लायब्ररी ठाणे पूर्वेला, कोपरीत, एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर आहे. बाहेर पाटी आहे, 'वायरलेस वाचनालय'. घरी लायसन घेऊन वायरलेसचा सेट लावतात आणि हौस म्हणून कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांशी बोलतात, अशा लोकांचं हे मंडळ. पाच कपाटं भरून पुस्तकं आहेत. रेडिओ कसा निघाला, जहाजावर वायरलेस कसा गेला, लढाईत निरोप कसे धाडले, घरच्या घरी सेट कसा बांधायचा, सगळी त्याचीच. रोज येणारे तिघं. तात्या टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, मंडळाचे अध्यक्ष. कर्णिक सर फिजिक्स शिकवायचे. हे दोघं डोंबिवलीचे, एकाच बिल्डिंगमधले. आणि डिमेलो अंकल, जहाजावर वायरलेस ऑफिसर होते, आता इथेच ठाण्यात असतात.

मी अकराला कुलूप उघडते, धूळ पुसते, चहा टाकते, पुस्तकं रजिस्टरला लिहिते. पगार बेताचा, पण लायब्ररी माझ्या मुलीच्या शाळेपासून जवळ आहे, म्हणून ही नोकरी धरली. दुर्वा पहिलीत आहे. बोलताना अडखळते. एकेका शब्दापाशी अशी अडते की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. शाळेत तर तोंडच उघडत नाही. तिच्या बाईंनी जूनमध्येच सांगितलेलं, "मार्चपर्यंत बघू. तोंडी परीक्षेत अशीच गप्प बसली, तर तिला वेगळ्या शाळेत घालायचा विचार करा." तेव्हापासून मार्च महिना माझ्या छातीवर बसलेला.

*

मी लागले त्या आठवड्यातली गोष्ट. तात्या म्हणाले, पुस्तकं नीट लाव. आता पुस्तकं जवळजवळ सगळी इंग्रजी. नावं वाचायला जावं तर संध्याकाळ व्हायची. मी चित्रांवरून लावली. टॉवरवाली एका कपाटात, जहाजवाली दुसऱ्यात, मिशीवाल्या माणसांची तिसऱ्यात. ज्यांच्यावर काहीच चित्र नाही ती सगळ्यात खाली.

दुसऱ्या दिवशी तात्या कपाटासमोर उभे राहिले आणि एकेक पुस्तक काढून बघायला लागले. मला वाटलं, गेली नोकरी.

मग त्यांनी सरांना हाक मारली. "अहो, हे बघा. टॉवर म्हणजे सगळी अँटेनाची आली. जहाजं ती डिमेलोंची. मिशा म्हणजे इतिहास. बरोबर आहे की सगळं!"

"आणि बिनचित्राची?" सरांनी विचारलं.

"गणिताची."

"मग ती पन बरोबर जागी गेली," डिमेलो अंकल म्हणाले.

एकच मिशीवाला चुकला होता. त्याने कसलाच शोध लावलेला नव्हता, नुसतं पुस्तक छापलेलं. मी काढायला गेले तर तात्या म्हणाले, "राहू दे गं. बसू दे त्यालाही त्यांच्यात."

*

पाटीवर 'वायरलेस' लिहिलंय, त्यामुळे काय काय लोक येतात. कोणी इअरफोन घेऊन येतं, कोणी सेट टॉप बॉक्स. एकदा वरच्या मजल्यावरची कॉलेजातली पूजा आली आणि म्हणाली, "अंकल, इथल्या वायफायचा पासवर्ड काय आहे?"

कर्णिक सरांनी रेडिओच्या इतिहासाचं एक मराठी पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. "शेवटच्या पानावर लिहिलाय. पण मधलं वाचल्याशिवाय कळणार नाही."

पोरगी हट्टी. आठ दिवसांनी परत आली. "सर, पूर्ण वाचलं. पण शेवटचं पान कोणीतरी फाडलंय."

"हो," सर म्हणाले, "मीच."

ती तणतणत निघून गेली. पुढच्या आठवड्यात येऊन दुसरं पुस्तक घेऊन गेली. नेताना आधी शेवटचं पान आहे का ते बघून घेतलं.

*

रेडिओचा शोध नक्की कोणी लावला, यावर आमच्याकडे मोठं भांडण आहे. तात्या म्हणतात, तो परदेशातला मिशीवाला. सर म्हणतात, आपला कलकत्त्याचा. एक जाडं पुस्तक आहे, त्यात या विषयावर एक पूर्ण भाग आहे. त्या भागाच्या समासात सरांनी पूर्वी कधीतरी पेन्सिलीने लिहिलं, 'हे चूक आहे.' तात्यांनी पुस्तक घरी नेलं आणि खाली लिहिलं, 'बरोबर आहे.' मग सरांनी नेलं, 'पुरावा?' मग तात्यांनी. असं वर्षानुवर्षं चाललंय. समास संपला तेव्हा कागद चिकटवले. माझं रजिस्टर बघा, दर पंधरा दिवसांनी तेच पुस्तक, एकदा तात्या, एकदा सर.

गंमत म्हणजे दोघं एका जिन्यावर राहतात, रोज एकत्र येतात, एकत्र जातात. या विषयावर तोंडाने एक अक्षर बोलत नाहीत. मी विचारलं, समोरासमोर बोलून का नाही टाकत? सर म्हणाले, "बोललो तर भांडण होईल."

मध्ये तात्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. सर पुस्तक घ्यायला आले. मी म्हटलं, सर, आता तुमची पाळी नाही. म्हणाले, "माहितीय. दे." काहीतरी लिहिलं, आणि म्हणाले, जाताना हॉस्पिटलमध्ये देशील का? मी रस्त्यात उघडून बघितलंच. लिहिलेलं, 'लवकर बरे व्हा. मग सांगतो कुठे चुकलात.'

तात्यांनी ते वाचलं आणि नर्सकडे पेन्सिल मागितली.

*

जुलैत आंबिवलीकडे नदीचं पाणी वाढलं. लाइट गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले. आमचे तिघं सेट, बॅटऱ्या, एरियल घेऊन तिकडे गेले. या वयात! शाळेच्या गच्चीवर ठाण मांडून दोन दिवस निरोप देत बसले. कुठे पाणी किती, कुठे म्हातारी माणसं अडकलीत, कुठे दूध पाहिजे. पेपरात दोन ओळी आल्या, तात्यांनी कापून भिंतीला लावल्यात.

तिसऱ्या दिवशी येऊन बघतात तर कोपरीत आमच्या तळमजल्यात घोटाभर पाणी. सगळ्यात खालच्या कप्प्यातली गणिताची पुस्तकं फुगून पावासारखी झालेली. मी ती गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घातली. तात्या खाली मान घालून बसलेले. म्हणाले, "अख्ख्या तालुक्याला पाणी वाढतंय म्हणून कळवलं."

डिमेलो अंकल म्हणाले, "खालच्या कप्प्याकडं सेट नव्हता ना."

*

आता घड्याळाचं सांगते.

भिंतीवर डिमेलो अंकलचं जहाजावरचं घड्याळ आहे, पितळेचं, जड. त्याच्या तबकडीवर दोन लाल पट्टे आहेत. एक पंधरापासून अठरा मिनिटांपर्यंत, एक पंचेचाळीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत. अंकलनी सांगितलं, पूर्वी प्रत्येक जहाजावर वायरलेसच्या खोलीत असंच घड्याळ असायचं. काटा लाल पट्ट्यात आला की समुद्रावरच्या सगळ्या जहाजांनी निरोप धाडणं बंद करायचं. तीन मिनिटं नुसतं कान लावून बसायचं. कोणी संकटात असला, त्याचा सेट कमजोर असला, तर एवढ्या बडबडीत त्याचं ऐकू कसं येणार? म्हणून तासातून दोनदा सगळे गप. बोलायचं फक्त संकटात असलेल्याने.

आता सॅटेलाइट आले, ती पद्धत बंद झाली. पण आमच्या लायब्ररीत बंद झालेली नाही. काटा लाल पट्ट्यात गेला की तिघं तोंडातलं वाक्य तिथेच सोडून देतात. अठराव्या मिनिटाला पुढचा शब्द उचलतात.

एकदा लाइटचं मीटर बघणारा नेमका सव्वाअकराला आत आला. तीन म्हातारे माना खाली घालून बसलेले, मी कपाटाला टेकून उभी, कोणी हूं नाही की चूं नाही. बिचाऱ्याने दाराबाहेर जाऊन चपला काढल्या, आत येऊन हात जोडून उभा राहिला. तीन मिनिटं उभा. काटा पुढे सरकल्यावर हळूच त्याने मला विचारलं, "कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," तात्या म्हणाले. "मीटर जिन्याखाली आहे."

*

दुर्वाची शाळा बाराला सुटते. सासूबाई तिला आणायला जातात. आणि मी बारापासून फोन करायला लागते. निघालात का? पोचलात का? बाटली घेतली का? हात धरलाय ना? रस्ता ओलांडला का?

तात्या म्हणाले, "ही आपली बीकन आहे." मला कळेना, शिवी आहे की काय. मग सरांनी सांगितलं, काही स्टेशनं असतात, ती कोणाशी बोलत नाहीत, उत्तराची वाट बघत नाहीत. ठरलेल्या वेळी तोच तोच निरोप सोडत राहतात. त्यांना बीकन म्हणतात. "त्यावरून लोक आपला सेट जुळवून घेतात," सर म्हणाले. आणि खरंच, माझं 'बाटली घेतली का' ऐकू आलं की तात्या घड्याळ लावायचे.

पण सव्वाबारा वाजले की लाल पट्टा. नेमकी दोघी मोठ्या रस्त्यापाशी असायच्या, आणि मला फोनला हात लावता यायचा नाही. एकदा मी लावला. डिमेलो अंकल रागावले नाहीत. त्यांनी नुसतं माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं आणि म्हणाले, "बाय, तू बोलत व्हतीस तवर ती म्हातारी काय सांगत व्हती?"

मी ऐकलंच नव्हतं.

*

साडेबाराला सासूबाई दुर्वाला लायब्ररीत सोडून घरी जातात. ती जहाजांच्या कपाटापाशी बसते, चित्रं बघते. पहिले काही महिने तिने तिथे कोणाला आपलं नावसुद्धा सांगितलं नाही. तिला विचारलं की मीच सांगून टाकायचे. तिने तोंड उघडलं रे उघडलं की तिचा शब्द मी पुरा करायचे. घरी आमचे हे करतात, सासूबाई करतात, सगळे करतात. प्रेमानेच करतात.

जानेवारीतली गोष्ट. पाऊणला लाल पट्टा सुरू झाला. सगळे गप. मी आत चहाचे कप विसळत होते, नळ बंद केला. आणि बाहेरून आवाज आला.

"हे... हे घ... घ..."

दुर्वा. जहाजाच्या एका पुस्तकात फोटो होता, वायरलेसच्या खोलीचा. त्या फोटोत भिंतीवर आमच्यासारखंच घड्याळ. तिने फोटोवर बोट ठेवलेलं आणि दुसऱ्या हाताचं बोट भिंतीकडे.

मी धावत बाहेर आले. "घड्याळ म्हणायचंय तिला, तेच घड्याळ..."

डिमेलो अंकलनी हात वर केला. "थांब गो बाय. लाल पट्टा हाय."

म्हटलं, म्हणून तर. ती बोलतेय, तिला सांगते ना गप्प बसायला.

"ती नाय. तू."

आणि मग मी जे बघितलं ते असं. तात्यांनी चष्मा काढून ठेवला. सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. अंकलनी खिशातून पेन्सिल काढली, समोर कागद ओढला आणि तिच्या तोंडाकडे न बघता मान थोडी कलती करून बसले, कानाला हेडफोन असल्यासारखे. लाल पट्ट्यात जो बोलतो त्याचा शब्द न् शब्द लिहून घ्यायचा असतो म्हणे.

"हे घ... घड्याळ," दुर्वा म्हणाली, "त्या ख... खोलीत पण आहे."

अंकलनी लिहिलं. मोठ्याने वाचून दाखवलं. मग तिला विचारलं, "बरोबर घेतलं?"

तिने मान डोलावली.

त्या दिवसापासून ती साडेबाराला येते आणि पाऊण वाजेपर्यंत वाट बघते. पाऊण वाजले की बोलते.

*

पुढच्या रविवारी मी भाजी आणायला गेलेले. येऊन बघते तर स्वयंपाकघरातल्या घड्याळाच्या काचेवर माझ्या नेलपॉलिशचे दोन पट्टे. पंधरा ते अठरा, पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस, अगदी काट्याच्या मापाने.

मी ओरडणार होते. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. सकाळपासून तिने मला दोन गोष्टी सांगितल्यान. मला माहीतच नव्हतं तिला एवढं बोलायचं असतं."

त्या रात्री हे रविवारची ड्यूटी करून आले, जेवायला बसले. पावणेनऊ झाले. मी भाजी वाढता वाढता थांबले, सासूबाई थांबल्या, दुर्वाने घास खाली ठेवला. ह्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग आपल्या आईकडे बघितलं.

"परत भांडलात का दोघी?"

*

मार्चमध्ये पालकसभा झाली.

बाईंच्या टेबलाजवळ आमचा नंबर लागला. मागे पालकांची रांग, सगळ्यांची कुजबुज. बाईंच्या समोर दुर्वाची वही होती आणि वहीवर एक चिठ्ठी. चिठ्ठीवर त्या वेगळ्या शाळेचा पत्ता. मला उलटा वाचता आला.

"लिहिण्यात चांगली आहे," बाई म्हणाल्या. "पण तोंडीत काहीच नाही. दुर्वा, तूच सांग बरं. या वर्षात नवीन काय शिकलीस?"

दुर्वाने फळ्याच्या वरच्या घड्याळाकडे बघितलं. मी पण बघितलं. दहा एकेचाळीस.

ती गप्प बसली.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "हे असंच असतं."

माझ्या जिभेवर सगळं आलेलं. तिला जहाजांचं सगळं येतं हो बाई, ती बोलते, घरी बोलते, लायब्ररीत बोलते. मी तोंड उघडलं. टेबलाखाली दुर्वाने माझा अंगठा धरला, घट्ट. मी तोंड मिटलं.

बाई मला त्या शाळेबद्दल सांगायला लागल्या. तिथे कसं वेगळं लक्ष देतात, येण्याजाण्याला गाडी आहे, वाईट वाटून घेऊ नका. चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. मागून कोणीतरी म्हणालं, अहो आटपा, आम्हाला कामावर जायचंय. दुसऱ्या कोणीतरी हो ला हो केलं. मी घड्याळाकडे बघत होते. चव्वेचाळीस. काटा मेला हलेच ना.

मग हलला.

"बाई," दुर्वा म्हणाली.

बाई बोलता बोलता थांबल्या.

"ज... जहाज बु... बुडायला लागलं ना, की त्याचा आवाज बा... बारीक येतो."

मागची कुजबुज कमी झाली.

"मोठी ज... जहाजं बोलत राहिली तर तो ऐ... ऐ..."

बाई पुढे वाकल्या. त्यांच्या ओठांवर तो शब्द आलेला मला दिसला. माझ्याही आलेला. दोघींनी तो तसाच ठेवला.

"...ऐकू येत नाही. म्हणून स... सगळ्यांनी तीन मिनिटं ग... गप्प बसायचं. आणि ऐ... ऐकणाऱ्याने लिहून घ्यायचं. आणि मग वि... विचारायचं, बरोबर घेतलं का."

एवढं बोलायला तिला सगळा लाल पट्टा लागला. वर्गात आता पंख्याचा आवाज ऐकू येत होता. कामावर जाणारा माणूस हातातली बॅग खाली ठेवून उभा होता. बाईंनी ती चिठ्ठी कधी उचलली मला कळलंच नाही. त्यांनी तिची घडी केली, मग घडीची आणखी एक घडी केली आणि ती मुठीत धरून बसल्या.

"एवढं सगळं येतं तुला," बाई म्हणाल्या. "मग मघाशी का नाही बोललीस?"

दुर्वाने घड्याळाकडे बोट दाखवलं.

"मघाशी तु... तुम्ही बोलत होता."